अप्पांचा च

घागर बोलते, ही बातमी निलंग्यात गुरुवारी फुटली आणि रविवारपर्यंत औराद, कासार शिरशीपासून माणसं गोळा झाली. कुणी एसटीनं आलं, कुणी जीपच्या टपावर बसून आलं. वारलेल्या महादेवप्पांच्या अडत दुकानापुढं मांडव घातला होता. सोयाबीनची पोती बाजूला सारून बायकांना बसायला जागा केली होती. कोपऱ्यात भज्यांची गाडी लागली, आणि भज्यांची गाडी लागली म्हणजे चमत्कार पक्का झाला असं आपल्याकडं धरून चालतात.

मांडवाच्या मधोमध पाटावर तांब्याची घागर. तिच्या तोंडाला भगवं फडकं बांधलेलं. शेजारी नादेश्वर महाराज, दाढी छातीपर्यंत आणि मनगटावर चकचकीत घड्याळ. महाराज एकाच सुरात बोलायचे, जसं बसस्टँडवर फलाट सांगतात.

"आत्मा म्हणजे काय? नाद. माणूस मरतो, नाद मरतो का? नाही. नाद फिरत राहतो. आम्ही त्याला बोलवतो, घागरीत बसवतो. मोबाईल बंद ठेवा. मोबाईलच्या लहरींनी आत्मा बुजतो."

दोनशे माणसांनी दोनशे मोबाईल बंद केले. लग्नात, कीर्तनात, शाळेच्या गॅदरिंगला जे कधी जमलं नाही ते महाराजांनी एका वाक्यात करून दाखवलं. खरा चमत्कार म्हणाल तर तेवढाच.

दुसऱ्या रांगेत महादेवप्पांची थोरली लेक सुकन्या बसली होती. ती नांदेडला सरकारी प्रयोगशाळेत आवाज तपासायचं काम करते. लाच मागणारे, खंडणी मागणारे, फोनवर शिव्या देऊन नंतर 'तो मी नव्हेच' म्हणणारे अशांची रेकॉर्डिंगं तिच्या टेबलावर येतात. कानाला हेडफोन लावायचा, समोर आवाजाचे आलेख लावायचे आणि रेकॉर्डिंगमधला माणूस आणि पोलिसांनी धरलेला माणूस एकच आहे का ते बघायचं. बारा वर्षं ती हेच करते आहे. परक्यांचे आवाज ऐकून ऐकून तिचे कान तयार झालेत. पण वडील जाऊन सहा महिने झाले तरी तिच्या मोबाईलमधला त्यांचा शेवटचा व्हॉइस मेसेज तिनं ऐकलेला नव्हता. बोट त्याच्यावर जायचं आणि परत यायचं.

तिचा धाकटा भाऊ उमाशंकर घागरीपुढं हात जोडून बसला होता. त्यानंच फोन करून तिला बोलवलं होतं. "अक्का, अप्पा बोललालेत. तू ये." तो अडत्या माणूस, सोयाबीन तळहातावर घेऊन त्यातला ओलावा सांगणारा. पण घागरीपुढं त्याची अक्कल गहाण पडली होती.

"अप्पा," त्यानं विचारलं, "तुम्हाला शेवटी नेमकं काय झालं होतं?"

घागर जरा वेळ गप्प राहिली. दर वेळी राहायची. प्रश्नानंतर दोन श्वास जायचे, मग उत्तर. "परलोक काय जवळ हाय का," बाया एकमेकींना सांगायच्या. मग आवाज आला.

"औषधात कालवलं, उमा. मला पुनमनंच मारलं. उद्या सोमवार. तिला उद्या घराबाहेर काढ, तरच मला शांती. मी इथून समदं बघून राहिलो."

पुनम म्हणजे उमाशंकरची बायको. ती बायकांच्यात शेवटी बसली होती. तिच्या दोन्ही बाजूंच्या बाया हळूच सरकल्या.

आणि सुकन्या रडली. तोंडावर पदर धरून रडली, कारण आवाज अप्पांचा होता. तोच जाड, तंबाखूनं घासलेला गळा. वाक्य संपताना आत ओढलेला तोच श्वास. बारा वर्षांचं शिक्षण, बारा वर्षांची नोकरी, सगळं बाजूला पडलं आणि तिला एवढंच वाटलं की अप्पा आणखी थोडं बोलावेत.

आता मागचं सांगायला पाहिजे. अप्पांना हृदयाचा आजार होता, हे सगळ्या बाजारपेठेला माहीत होतं. शेवटचं वर्षभर त्यांच्या गोळ्या पुनमनं सांभाळल्या. सकाळची कुठली, रात्रीची कुठली, तिनं डब्यांवर चिकटपट्टी लावून लिहून ठेवलं होतं. अप्पा गेल्यावर पाच महिन्यांनी नादेश्वर महाराज निलंग्यात उतरले. पहिल्या तीन बैठकांत अप्पांच्या आत्म्यानं लातूर रस्त्याचा एकर महाराजांच्या नादपीठाला द्या म्हणून सांगितलं. पुनम तेव्हा सगळ्यांसमोर उठून म्हणाली होती, "अप्पा जिते असताना कुणाला बांधावर बसू देत नव्हते, मेल्यावर एकर देतील का?" लोक हसले होते. रविवारच्या चौथ्या बैठकीत आत्म्याला एकदम विषाची आठवण झाली.

हे लिंगायताचं घर. ह्यांच्यात माणूस गेला की लिंगैक्य झाला म्हणतात, म्हणजे शिवाशी एकरूप झाला. शिवाला सोडून अप्पा तांब्याच्या घागरीत कशाला येऊन बसतील, हे त्या मांडवात कुणी विचारलं नाही. विचारणारी एकच होती आणि तिला आता खुनी ठरवून झालं होतं.

संध्याकाळी स्वयंपाकघरात पुनम भाकरी करत होती. उद्या घराबाहेर जायचं असलं तरी आजची भाकरी चुकत नाही. दाराशी तिची पिशवी भरून ठेवलेली होती.

"अक्का," तिनं तव्यावरून नजर न काढता विचारलं, "तुम्हाला बी वाटतं का?"

"सकाळी दोन मिनिटं वाटलं," सुकन्या म्हणाली. "खोटं कशाला बोलू. आवाज अप्पांचा होता गं."

पुनमनं तव्यावरची भाकरी उलटलीच नाही. भाकरी करपली.

अव्वा, म्हणजे उमाशंकर-सुकन्याची आई, भिंतीला टेकून वरण ढवळत होती. तिचं माहेर बीदरकडचं. तिच्याशी अप्पा जन्मभर कन्नडच बोलले, मराठी फक्त बाजारात आणि पोरांशी. अव्वा चार दिवस खुशीत होती. नवरा परत आला होता, घागरीत का होईना.

"सुकन्या," अव्वा म्हणाली, "त्यो मोठा च्यमच्या दे."

सुकन्यानं हात पुढं केला आणि तसाच ठेवला.

"अव्वा, परत म्हण."

"काय म्हणू?"

"काय मागितलंस ते."

"च्यमच्या. येडी झालीस का?"

मराठीत च एकच लिहितात, पण बोलताना दोन असतात. चिमणीतला च वेगळा आणि चमच्यातला च वेगळा. चमच्यातला च म्हणताना जीभ दातांच्या मुळाशी जाते, चिमणीतला म्हणताना टाळूला लागते. म्हणून बघा, तुमच्या तोंडाला ते कधीचंच ठाऊक आहे. कन्नडमध्ये हा दातांजवळचा च नाहीच. त्यामुळं घरात कन्नड बोलणारा माणूस मराठी बोलायला लागला की चमचाही चिमणीच्या च नं म्हणतो. पाच म्हणजे पाच्य, चोर म्हणजे च्योर. अप्पांचं सगळं आयुष्य ह्या एका च वरून चिडवून घेण्यात गेलं. शाळेत मास्तरांनी, बाजारात हमालांनी आणि घरात पोरांनी.

आणि सकाळी घागर म्हणाली होती, पुनमनंच. तो च स्वच्छ, दातांजवळचा, अस्सल मराठी होता. असला च अप्पांना सत्तर वर्षांत एकदाही जमला नव्हता.

"पुनम," सुकन्या चुलीजवळ खाली बसत म्हणाली, "माणसाच्या बोलण्यात दोन गोष्टी असतात. एक गळा आणि एक जीभ. गळा आजकाल यंत्र उसना देतं. थोडा आवाज दिला की बस्स. मी बोलायचं आणि पलीकडं तुझा आवाज ऐकू यायचा, असं करणारं यंत्र निघालंय. पण जीभ ज्याची त्याचीच राहती. मी गळा ऐकून रडले. जीभ ऐकायचं इसरले."

"अव्वांना कसं कळलं न्हाई मग?"

"तिला दोन्ही च सारखेच ऐकू येतात. जी भाषा लहानपणी कानावर पडली, तिच्यात जो फरक न्हाई तो कानाला कळत न्हाई. तिचा दोष न्हाई त्यात. उमाला कळायला पाहिजे होतं. त्याला भक्ती आडवी आली."

पुनमनं परातीतलं पीठ झटकलं. "म्हंजे एका अक्षरावर मला घरात ठेवतील?"

"अक्षरावर न्हाई. लोकांच्या कानावर. आणि अजून एक हाय. 'बघून राहिलो' असं आपल्याकडं कोण म्हणतं?"

पुनम थांबली. निलंग्यात माणूस बघलालो म्हणतो, करलालो म्हणतो, जेवलालो म्हणतो. बघून राहिलो, करून राहिलो हे नांदेडच्या पार पूर्वेला, किनवट, माहूरकडं. पुनमची एक मैत्रीण तिकडची होती. तिची सगळे नक्कल करायचे.

"किनवटकडचं हाय हे," पुनम म्हणाली, आणि सकाळपासून पहिल्यांदा तिनं मान वर केली.

सोमवारी दहाला मांडव कालच्यापेक्षा भरला होता. कुणाला न्याय बघायचा होता, कुणाला सून बाहेर पडताना बघायची होती. भज्यांच्या दोन गाड्या होत्या. महाराजांचे दोन सेवक पुढं. तिसरा सेवक मौनीबाबा. त्याचं बारा वर्षांचं मौन होतं असं सांगायचे आणि बैठकीच्या वेळी तो दुकानामागच्या कोठीत दार लावून तपाला बसायचा. बोलत नाही म्हणून बायका त्याच्या जास्तच पाया पडायच्या.

महाराजांनी फडक्यावर पाणी शिंपडलं. सुकन्या उठून घागरीपुढं जाऊन बसली. अव्वाला वाटलं, लेक आशीर्वाद घेते आहे. ती डोळे पुसायला लागली.

"अप्पा, मला ओळखलंत का?"

दोन श्वास.

"ओळखलं की. सुकन्या, माझी लेक."

"काय करलालाव तिथं?"

दोन श्वास.

"तुमच्याकडंच पाहून राहिलो, पोरी."

मांडवाच्या डाव्या बाजूला हमालांचा मुकादम संगमेश बसला होता. तीस वर्षं अप्पांच्या दुकानात पोती उचललेला माणूस. त्यानं शेजाऱ्याला विचारलं, पण आवाज हमालाचा, तो सगळ्यांना ऐकू गेला. "पाहून राहिलो? अप्पा कधीपासून किनवटचे झाले?"

चारसहा जण हसले. महाराजांनी हात वर केला. "परलोकात सगळे प्रांत एक होतात."

"बरोबर हाय," सुकन्या म्हणाली. "मग एक शेवटचं मागते. तुम्ही रोज सकाळी मोबाईलच्या ग्रुपवर बाजारभाव सांगायचे, तसा एकदा सांगा. सोयाबीन पाच हजार पाचशे पंचावन्न. एवढंच."

हे तिच्या कामातलंच होतं. संशयिताला समोर बसवतात आणि रेकॉर्डिंगमधलं तेच वाक्य त्याच्याकडून म्हणवून घेतात. वाक्य एकच, तोंडं दोन, मग तुलना करायची. महाराजांना त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट गर्दी हळवी झाली. त्या आवाजानंच सगळ्यांची सकाळ व्हायची.

"सोयाबीन," घागर भारदस्तपणे म्हणाली, "पाच हजार पाचशे पंचावन्न."

"संगमेशदादा," सुकन्या वळून म्हणाली, "मोबाईल चालू करा. अप्पांचा हाच पाच हजार पाचशे पंचावन्नचा जुना भाव लावा."

"लहरींनी आत्मा बुजेल," महाराज म्हणाले.

"माझे अप्पा चाळीस वर्षं लिलावात ओरडले महाराज. ते बुजणारे न्हाईत."

आता सगळा मांडव हसला. संगमेशनं मोबाईल चालू करून कानाशी नाही, डोक्यावर धरला. मोबाईलमधून अप्पा बोलले, जानेवारीतले, जिते अप्पा.

"शरणु मंडळी. सोयाबीन पाच्य हज्यार पाच्यशे पंच्यावन्न. तूर बघून घ्या."

आणि लोक हसले. सवयीनं हसले. रोज सकाळी हसायचे तसेच हसले, आणि हसता हसता एकेकाचं हसू थांबलं. घागरीचं ऐकून कुणालाच हसू आलं नव्हतं. ते का आलं नाही, हे आता त्यांच्या लक्षात आलं. मग कुणी सांगायची गरज राहिली नाही. मांडवभर मोबाईल निघाले. इकडून पाच्य, तिकडून च्यांगला भाव, मागून ज्योरात पाऊस. मेलेला माणूस दोनशे खिशांतून बोलायला लागला, आणि त्यातल्या एकाही ठिकाणी तो घागरीसारखा बोलत नव्हता.

घागर गडबडली. आतल्या माणसाच्या ध्यानात आलं असावं. तिनं पुन्हा सुरू केलं. "पाच्य हज्यार पाच्यशे. ऐकलं का? उमा, ही पोरगी नास्तिक होऊन राहिली."

च सावरला तर 'होऊन राहिली'चं शेपूट सुटलं. बैठकीत कधीच न दिसणारा एकच होता, मौनीबाबा. सुकन्या उठली आणि कोठीकडं चालायला लागली. दोन सेवक आडवे आले. संगमेश आणि त्याचे चार गडी उठले. शंभर किलोचं पोतं पाठीवर घेणाऱ्यांनी सेवक हळूच बाजूला ठेवले.

कोठीचं दार ढकललं. आत मौनीबाबा लॅपटॉपपुढं बसलेला, कानाला हेडफोन, तोंडापुढं माईक. एवढी माणसं दारात बघून त्याचं बारा वर्षांचं मौन जागच्या जागी सुटलं. तोंड हललं, हात जोडले गेले. आणि दोन श्वासांनी तिकडं मांडवात, तांब्याच्या घागरीतून, महादेवप्पांच्या भारदस्त आवाजात सगळ्यांनी ऐकलं,

"मला मारू नका. म्या काहीच नाही करून राहिलो. महाराजानं सांगितलं ते फकत बोलून राहिलो."

हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. एकटा उमाशंकर हसला नाही.

मौनीबाबाचं नाव शेषेराव. गाव किनवटकडं, इस्लापूरजवळचं, धंदा लग्नात डीजे लावायचा. एकदा बोलता झाल्यावर तो गप्पच बसेना. बाजारभावाच्या ग्रुपमधून अप्पांचे मेसेज घेतले होते, ते यंत्राला पाजले. शेषेराव हेडफोनवर मांडवातला प्रश्न ऐकून माईकवर बोलायचा, यंत्र त्याला अप्पांचा गळा चढवायचं आणि घागरीत ठेवलेला डबीएवढा स्पीकर ते बोलून दाखवायचा. गळा बदलायला यंत्राला लागायचे ते दोन श्वास. तोच परलोकाचा रस्ता. मोबाईल बंद ठेवायचे ते रेकॉर्डिंग होऊ नये म्हणून, आणि मौन पाळायचं ते बोली उघडी पडू नये म्हणून. महाराज म्हणाले, "मलाही ह्यानं फसवलं." पोलीस आले तेव्हाही ते हेच सांगत होते, फक्त सूर जरा पडला होता.

जाण्याआधी सुकन्यानं मांडवाला चार शब्द सांगितले. "आवाज ऐकून मान डोलवू नका. मी बी काल रडले, मला ह्याचा पगार मिळतो तरी. उद्या फोन येईल, पोरगा बोलल, भाऊ बोलल, आवाज हुबेहूब असल. घाबरायच्या आधी, कुणाला दोष द्यायच्या आधी त्याला उलटं विचारा. आपल्या माणसासारखं बोलतो का ते बघा. काल एक बाई ह्या आवाजावर खुनी ठरली आणि तुमच्यातल्या एकानं बी तिला विचारलं न्हाई की बाई, तुझं काय म्हणणं हाय."

लोक माना खाली घालून उठले. भज्यांच्या दोन्ही गाड्या गुपचूप हलल्या.

घरात अव्वा कोपऱ्यात बसली होती. "म्हंजे घागरीत न्हाईत ते," ती म्हणाली.

"न्हाईत, अव्वा."

अव्वा रडली. तिचा नवरा सहा महिन्यांत दुसऱ्यांदा गेला होता, आणि सुकन्याला महाराजाचा सगळ्यात जास्त राग आला तो ह्याच्यासाठी.

उमाशंकर पुनमपुढं उभा राहिला. "चुकलं माझं," तो म्हणाला.

"तुम्ही मला विचारायचं होतं," पुनम म्हणाली. "तुम्ही घागरीला विचारलं." तिनं पिशवी उचलून आत ठेवली, पण त्याच्याकडं बघितलं नाही.

मग सुकन्यानं मोबाईल काढला. सहा महिने न ऐकलेला मेसेज. सकाळपासून दोनशे अप्पा ऐकून झाले होते, आता भीती उरली नव्हती. तिनं तो चौघांच्या मध्ये ठेवला आणि लावला.

"शरणु, सुकन्या. नांदेडला पोच्यलीस का? माझी काळजी करू नको. गोळ्या येळेवर हायत. उमाला दुकानातून सवड न्हाई, तुझ्या अव्वाला डब्या कळत न्हाईत. इथं पुनमच्य करती समदं. पुनमच्य."

उमाशंकर भिंतीकडं तोंड करून उभा होता. सुकन्याला वाटलं, आपण हा मेसेज वेळेवर ऐकला असता तर एवढं झालंच नसतं. वाटलं ते तिनं बोलूनही दाखवलं.

"अक्का," पुनम डोळे पुसत म्हणाली, "हा मेसेज ग्रुपवर टाका. ज्यांनी घागरीचं ऐकलं, त्यांनी अप्पांचं बी ऐकू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी, बाजारभावाच्या वेळेला, दोनशे मोबाईल वाजले. त्या सकाळी त्या च ला कुणी हसलं नाही. नऊ वाजता परवा मांडवात तिच्यापासून सरकलेल्या बायांपैकी पहिली बाई पुनमच्या दारात येऊन उभी राहिली आणि आत येऊ का म्हणून विचारायला लागली.